विद्यापीठ कीं विद्येची पेढी?

गेल्या पांचसहा वर्षांत मराठवाड्यांत एका नव्या जातीच्या विद्यापीठाचा संचार सुरू झाला आहे. त्याची कोनशिला येथें कोणीं बसविली नाहीं, त्याच्या आवारांत कोणीं झाड लावलें नाहीं, आणि त्याच्या अध्यापकांपैकीं एकाहि गृहस्थाची या शहरांतील कोणाशीं रस्त्यांत गांठ पडण्याचा संभव नाहीं. तरीहि आमच्या वर्गांतील मुलांच्या हातांतल्या मोबाइलवर दिवसांतून चार वेळां त्याचें दर्शन घडतें. घरीं बसा, नोकरी सोडूं नका, आणि दोन वर्षांत एम. बी. ए. व्हा, अशा अर्थाचें तें बोलावणें असतें. बोलावण्याशेजारीं एका हंसतमुख तरुणाचें चित्र असतें. त्या तरुणाच्या हातीं पुस्तक मात्र आम्हांस अद्याप दिसलेलें नाहीं. यालाच ऑनलाइन विद्यापीठ म्हणतात. वर्तमानपत्रांस त्याच्या जाहिराती मिळतात, म्हणून तीं त्याजविषयीं फारसें बोलत नाहींत. सरकारच्या अंगावरचा भार परस्पर उतरतो, म्हणून सरकार बोलत नाहीं. आणि आमचे प्राध्यापकबंधु आपल्याच गाऱ्हाण्यांत इतके गुंतलेले आहेत कीं, आपल्या दाराशीं कोण येऊन बसलें आहे हें पाहण्यास त्यांस सवड नाहीं. तेव्हां या मासिकाच्या वाचकांपुढें हा विषय जरा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एका गैरसमजाची वाट बंद केलेली बरी. घरीं बसून शिकणें हा आमच्या टीकेचा विषय नाहीं. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच आपल्या पदव्या बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. नेल्सन मंडेला यांनीं कायद्याची पदवी १९८९ सालीं तुरुंगांत राहून दक्षिण आफ्रिकेच्या पत्रद्वारा शिकविणाऱ्या विद्यापीठाकडून मिळविली. आमच्याकडे १९८५ सालीं इंदिरा गांधींच्या नांवाचें आणि १९८९ सालीं नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नांवाचें मुक्त विद्यापीठ निघालें. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरु राम ताकवले यांनीं त्याची जी घडी घातली ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. अभ्यासकेंद्रें गांवोगांवच्या चालू महाविद्यालयांतच, पुस्तकें मराठींत आणि एकट्यानें वाचून समजतील अशा बेतानें लिहिलेलीं, आणि बारावी न झालेल्या प्रौढासहि पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमानें पदवीकडे जाण्याची वाट. त्या वाटेनें किती परिचारिका, किती पोलिस शिपाई, किती संसारांत पडलेल्या स्त्रिया पदवीधर झाल्या हें महाराष्ट्रांत कोणास सांगावें लागत नाहीं. त्या विद्यापीठांत दोष आहेत. पण ते सार्वजनिक संस्थेचे दोष आहेत, आणि त्यांविषयीं विधिमंडळांत प्रश्न विचारतां येतो. आमचा वाद शिकण्याच्या स्थळाशीं नसून शिकविणाऱ्याच्या मालकाशीं आहे.

आतां कायद्याकडे वळूं. आमच्या देशांत नफा वांटून घेण्यासाठीं विद्यापीठ चालविणें कायद्यास मान्यच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९३ च्या उन्नीकृष्णन् खटल्यापासून २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यापर्यंत आणि पुढें २००५ सालीं महाराष्ट्रांतूनच गेलेल्या इनामदार खटल्यांत या प्रश्नाची कसून चर्चा केली. शिक्षण हा एक व्यवसाय म्हणून कोणीहि करूं शकेल, संस्थेच्या वाढीपुरती माफक शिल्लक ठेवण्यास हरकत नाहीं, परंतु नफेबाजी आणि देणगीच्या नांवाखालीं वसुली यांस मज्जाव आहे, असा त्या चर्चेचा निष्कर्ष. आमच्या राज्यानें तर १९८३ सालीं विनाअनुदानित महाविद्यालयांस मुक्तद्वार दिल्यावर चारच वर्षांनीं, १९८७ सालीं, कॅपिटेशन फीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आधीं दार उघडावयाचें आणि मग चोरांविरुद्ध पाटी लावावयाची ही आमची जुनी रीत आहे. खासगी विद्यापीठ काढणारी संस्था ही न्यास, नोंदलेली सोसायटी किंवा नफा न वांटणारी कंपनीच असली पाहिजे. मग वाचक विचारतील कीं, नफ्याचें विद्यापीठ कायद्यांत नाहींच, तर हा लेख कोणाविरुद्ध?

उत्तर करारांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं ऑनलाइन पदव्यांचे पहिले नियम केले आणि ४ सप्टेंबर २०२० रोजीं दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण यांचे एकत्र नियम प्रसिद्ध केले. मूल्यांकनांत वरची श्रेणी मिळविलेल्या विद्यापीठास अशी पदवी देतां येते आणि ती वर्गांत बसून मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. इथपर्यंत ठीक. परंतु विद्यापीठाजवळ ना तंत्रज्ञ, ना जाहिरातीची कला, ना टेलिफोनवर बोलणाऱ्यांची फौज. तीं सर्व सामग्री घेऊन कंपनी पुढें येते. विद्यार्थी जमविणें, व्याख्यानांच्या चित्रफिती काढणें, त्या ज्यावर चालतात तें यंत्र संभाळणें हें तिनें करावयाचें आणि फीचा हिस्सा घ्यावयाचा. अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानें समाजकार्याच्या पदवीसाठीं टू-यू नामक कंपनीशीं असा करार केला होता. त्यांत फीच्या शंभर डॉलरांतले सुमारें साठ कंपनीच्या पदरांत पडत. जुलै २०२४ मध्यें त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या आयोगानें जानेवारी २०२२ मध्यें विद्यापीठांस आणि विद्यार्थ्यांस बजावलें कीं, अशा कंपन्यांस पदवीचा मक्ता देणें नियमबाह्य आहे. मक्ता हा शब्द गेला आणि त्याच्या जागीं सहकार्य हा शब्द आला. देऊळ पंचांचें, मूर्ति पंचांची, पुजारीहि पंचांचा. फक्त दानपेटीची किल्ली कंत्राटदाराच्या कमरेला. अशा देवळास धर्मादाय म्हणावयाचें कीं दुकान, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

या दुकानाचा व्यवहार कसा चालतो तें पाहण्यासाठीं एका तरुणाची कल्पना करूं. तो गंगापूर तालुक्यांतील एखाद्या खेड्यांतून आलेला, घराण्यांतला पहिला पदवीधर, आणि वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर असलेला असा समजावा. कायम होण्याची आशा नाहीं. बढती मिळते ती एम. बी. ए. झालेल्यांस. एका रात्रीं तो जाहिरातीखालीं आपला नंबर भरतो. तेथून पुढें त्याचा मोबाइल त्याचा राहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक गोड आवाज त्यास सर म्हणून हांक मारतो. या खेड्यांतल्या पोरास आयुष्यांत प्रथमच कोणी सर म्हटलेलें असतें! तो आवाज स्वतःस समुपदेशक म्हणवितो. समुपदेशक हा शब्द आम्हांस परिचित आहे. ज्यास आपल्या सल्ल्यापासून कांहीं मिळवावयाचें नाहीं, असा जाणता मनुष्य म्हणजे समुपदेशक. या नव्या समुपदेशकाच्या नोकरीचें वर्षफळ मात्र महिन्याला किती प्रवेश झाले यावर ठरतें. तुम्ही हा अभ्यासक्रम घेऊं नका, तुम्हांस नाशिकचा स्वस्त अभ्यासक्रम पुरेसा आहे, असें सांगण्याची मुभा त्यास नाहीं. आजच्या समाजांत मारवाड्याच्या किंवा विमावाल्याच्या बोलण्यांत स्वार्थ आहे हें ऐकणाऱ्यास ठाऊक असतें व तो सावध असतो. येथें मात्र विद्यापीठाचें नांव पुढें आहे, आणि आमच्या खेड्यांत विद्यापीठ या शब्दापुढें अजून टोपी काढली जाते. त्या आदराचेंच येथें भांडवल केलें जातें.

गोड बोलण्यानें काम झालें नाहीं तर दुसरा उपाय असतो. तुमच्याबरोबरीचे कोठल्या कोठें गेले. पांच वर्षांनीं तुम्ही कोठें असाल. मुलाच्या शाळेची फी कशी भराल. दुखऱ्या जागीं बोट ठेवावयाचें, तें दाबावयाचें, आणि मनुष्य कळवळला म्हणजे प्रवेशाचें औषध पुढें करावयाचें. ही आमची कवि-कल्पना नव्हे. अमेरिकन सिनेटच्या समितीनें टॉम हार्किन यांच्या अध्यक्षतेखालीं नफ्यासाठीं चालणाऱ्या ३० शिक्षण कंपन्यांची चौकशी करून २०१२ सालीं अहवाल दिला. त्यांत आय. टी. टी. नामक संस्थेच्या विक्रेत्यांस शिकविण्याचे जे कागद सांपडले, त्यांत या युक्तीस वेदनेचें नरसाळें अशा अर्थाचें नांवच दिलेलें होतें. आमच्या देशांत बंगलोरच्या बायजूज कंपनीच्या विक्रेत्यांविरुद्ध आलेल्या तक्रारींवरून राष्ट्रीय बालहक्क आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें तिच्या प्रमुखास पाचारण केलें होतें. ज्या घरांत पूर्वीं कोणी शिकलेलें नाहीं अशीं घरें हेरून त्यांच्यावर दडपण आणलें जातें, असा आरोप होता. ही कंपनी विद्यापीठ चालवीत नव्हती, शाळेच्या मुलांस शिकवीत होती, हें खरें. पण टेलिफोन आणि कर्ज यांची विद्या तीच. एके काळीं २,२०० कोटि डॉलर किंमतीची म्हणून जिचा डंका वाजत होता, त्या कंपनीवर जुलै २०२४ मध्यें दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

कर्जाविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण खरा गळफांस तेथें आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील मध्यंतरीं एक कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलीच्या थोरल्या भावानें असाच एक अभ्यासक्रम घेतला होता. वडिलांची समजूत अशी कीं, विद्यापीठानें फीचे हप्ते करून दिले आहेत. कागद इंग्रजींत होता, बारा पानांचा होता, आणि त्यावर विद्यापीठाचें नांव कोठेंच नव्हतें. तो एका सावकारी कंपनीचा कर्जरोखा होता. पूर्ण फी पहिल्याच दिवशीं शिकविणाऱ्या कंपनीकडे गेली होती, आणि मुलानें शिक्षण सोडलें तरी सावकाराचे हप्ते चालूच राहणार होते. मुलानें तीन महिन्यांत शिक्षण सोडलें होतें. वाचकांनीं या रचनेंतली खुबी पाहावी. ज्या दुकानदारास पूर्ण दाम आधींच मिळाला, त्यास गिऱ्हाईक पुढें माल नेतो कीं नाहीं याची चिंता कां असावी? आमच्या महाविद्यालयांत मुलगा वर्गांत दिसेनासा झाला म्हणजे निदान शिपाई तरी विचारतो.

आतां प्रत्यक्ष शिकविणें. याविषयीं बोलावें तितकें थोडें आहे, कारण शिकविणें म्हणून जें तेथें आहे तेंच थोडें आहे. एक व्याख्याता एकदां कॅमेऱ्यापुढें उभा राहतो. त्याचें व्याख्यान दहाबारा मिनिटांच्या तुकड्यांत कापलें जातें आणि वर्षानुवर्षें हजारोंस दाखविलें जातें. तुकड्याच्या शेवटीं चार पर्यायांचे पांच प्रश्न येतात. उत्तर चुकलें तर पुन्हा टिचकी मारावी, चारांपैकीं एक केव्हां तरी बरोबर येणारच. आठवड्यांतून एकदां थेट तास होतो. त्यांत कित्येक शेंकडा माणसें एकाच वेळीं हजर असतात आणि सर्वांचे आवाज बंद ठेवलेले असतात. शंका असेल तर ती टंकून पाठवावी; शेवटच्या पांच मिनिटांत त्यांतल्या दोनतीन शंका वाचल्या जातात. निबंध लिहून द्यावा लागतो, तो तपासणारा दर प्रतीमागें मोबदला घेणारा कोणी अनोळखी गृहस्थ असतो, आणि अलीकडे निबंध लिहिणारें यंत्रहि फुकट मिळूं लागल्यामुळें यंत्रानें लिहावें व कंटाळलेल्या माणसानें गुण द्यावे असा प्रकार होऊं लागला आहे. परीक्षेच्या वेळीं मात्र विद्यापीठास विद्यार्थ्याची एकाएकीं आठवण होते. वर्षभर ज्यानें त्याच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं, तो कॅमेरा त्या दिवशीं त्याचे डोळे कोणीकडे वळतात हें तीन तास न्याहाळीत बसतो.

हें सर्व दुष्टपणानें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें हिशेबानें होतें. चित्रफीत एकदां तयार झाली म्हणजे दहा हजारावा विद्यार्थी शिकविण्यास कंपनीस जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. पण तो दहा हजारावा विद्यार्थी धरून आणण्यास पहिल्या हजारापेक्षां अधिक खर्च येतो, कारण जे आपण होऊन येणारे होते ते आधींच आलेले असतात. पैसा लागतो तो धरून आणण्यास, आणि पैसा वांचतो तो शिकविण्यांत. ज्या अध्यापकास चाळीस मुलांचे निबंध वाचावे लागतात तो कंपनीच्या वहींत खर्चाच्या बाजूस पडतो. ज्या विक्रेत्यानें चाळीस मुलें आणलीं तो जमेच्या बाजूस. अशा वहीची देखरेख एखाद्या साधुपुरुषाकडे दिली तरी दोन वर्षांत तोहि अध्यापक कमी करील आणि विक्रेते वाढवील.

या तर्काचा पडताळा पाहण्यास अमेरिकेहून चांगली जागा नाहीं, कारण तेथें हा प्रयोग उघड उघड, शेअरबाजाराच्या साक्षीनें, पुरा होऊन गेला आहे. हार्किन समितीनें ३० कंपन्यांचा २००९ सालचा हिशेब मांडला. शंभर डॉलर उत्पन्नांपैकीं २२.७ डॉलर जाहिरात व विद्यार्थी जमविण्यांत गेले, १९.४ डॉलर नफा म्हणून उरले, आणि शिकविण्यावर १७.२ डॉलर खर्च झाले. विद्यार्थी जमविणारे नोकर ३५,२०२. विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणारे १२,४५२. आणि नोकरी मिळवून देण्यास साहाय्य करणारे ३,५१२. २००८-०९ सालीं ज्यांनीं प्रवेश घेतला त्यांपैकीं ५४ टक्के विद्यार्थी २०१० च्या मध्यापर्यंत पदवी न घेतां निघून गेले होते. या जातींतलें सर्वांत थोर घराणें म्हणजे फिनिक्स विद्यापीठ. जॉन स्पर्लिंग यांनीं तें १९७६ सालीं काढलें, १९८९ मध्यें त्याची ऑनलाइन शाखा निघाली, आणि २०१० च्या सुमारास त्याची विद्यार्थिसंख्या चार लाख सत्तर हजारांच्या घरांत गेली. अभ्यासक्रम मध्यवर्ती कचेरींत तयार व्हावयाचा, एक विषय पांचसहा आठवड्यांत संपवावयाचा, आणि बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ. मोठमोठ्या कंपन्यांशीं आपला नोकऱ्यांविषयीं संबंध आहे असा भास जाहिरातींतून निर्माण केल्याच्या आरोपावरून २०१९ सालीं त्यास तेथील व्यापार आयोगाशीं १९ कोटि १० लक्ष डॉलरांची तडजोड करावी लागली. कोरिंथियन नामक दुसरी मोठी कंपनी २०१५ सालीं बुडाली. तिच्या ५ लक्ष ६० हजार विद्यार्थ्यांचें ५८० कोटि डॉलरांचें कर्ज २०२२ सालीं अमेरिकन सरकारनें माफ केलें, म्हणजे करदात्यांनीं फेडलें. आमच्या वाळूजच्या तरुणाचें कर्ज कोणतें सरकार माफ करणार आहे?

कोणी विद्वान येथें ॲडम स्मिथचें नांव काढतील, आणि तें काढण्यासारखें आहेच. १७७६ च्या आपल्या ग्रंथांत स्मिथनें ऑक्सफर्डच्या पगारी प्राध्यापकांची अशी कांहीं संभावना केली आहे कीं, आमच्यासारख्यांनीं तीं पानें एकांतांतच वाचावीं. पगार ठरलेला असला म्हणजे प्राध्यापक शिकविण्याचें सोंगहि टाकून देतो. त्याचें पोट विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून असावें, असें त्याचें मत. मग फीवर चालणारें विद्यापीठ स्मिथच्या कसोटीस उतरलें, असें म्हणावें काय? तसें मुळींच नाहीं. ग्लासगोला विद्यार्थी आपली फी शिकविणाऱ्याच्या हातांत देत. १७६४ सालीं सत्राच्या मध्येंच प्राध्यापकपद सोडतांना स्मिथ फी परत देऊं लागला व विद्यार्थी ती घेईनात, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. शिकविणारा समोर, फी त्याच्या हातीं, आणि शिकविणें थांबलें तर फी परत. आमच्या कंपनीच्या व्यवहारांत या तीन गोष्टींपैकीं एक तरी शिल्लक आहे काय? फी भागीदारांकडे, शिकविणारा चित्रफितींत, आणि परताव्याची मुदत बहुधा पहिल्या थेट तासाच्या आधींच संपलेली! स्मिथला साक्षीस बोलावणाऱ्यांनीं साक्षीदाराचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. तुमच्या महाविद्यालयांत तरी काय चाललें आहे, असें आम्हांस विचारलें जातें. जागा वर्षानुवर्षें रिकाम्या, अर्धे वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर, ग्रंथालयास पैसा नाहीं, आणि मुलें परीक्षेपुरतीं हजर. हें सर्व खरें आहे. पण यावरून काय निघतें? सरकारी दवाखान्यांत डॉक्टर नाहीं म्हणून गंडेदोरे करणाऱ्यास परवाना द्यावा काय? या राज्यांत अध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहींत, आणि त्याच वेळीं घरोघर ऑनलाइन पदव्यांचे गोडवे गाइले जातात, या दोन गोष्टी परस्परांस अनोळखी नाहींत. वर्ग ओस पडल्याविना पेढीस गिऱ्हाईक मिळत नाहीं. शिवाय ओस पडलेल्या वर्गांतहि मुलास एक गोष्ट मिळते जी चित्रफितींत मिळत नाहीं, ती म्हणजे दुसरीं मुलें. कार्डिनल न्यूमन यांनीं विद्यापीठाविषयींच्या आपल्या व्याख्यानांत असें म्हणून ठेवलें आहे कीं, केवळ परीक्षा घेणारें विद्यापीठ आणि कांहींहि न शिकवितां तरुणांस केवळ एकत्र ठेवणारें विद्यापीठ यांतून निवड करावयाची झाली तर आपण दुसरें पत्करूं. आम्हांस पूर्वीं यांत अतिशयोक्ति वाटे. आतां वाटत नाहीं.

या शहरांत राहणाऱ्यास त्याचा पुरावा दूर शोधावा लागत नाहीं. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फें येथें महाविद्यालय काढलें, तेव्हां पदवीसाठीं मराठवाड्यांतल्या मुलास हैदराबादेस जावें लागे. पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलेल्या त्या संस्थेभोंवतीं नागसेनवन उभें राहिलें. केवळ पदव्याच वांटावयाच्या असत्या तर मुंबईच्या कचेरींतून पत्रें पाठवून त्या वांटतां आल्या असत्या. पण तेथें वसतिगृहें बांधलीं गेलीं, ग्रंथालय झालें, नाटकें झालीं. गांवकुसाबाहेरून आलेलीं मुलें एका खोलींत चारचार राहिलीं, रात्रीं वाद घालीत बसलीं, एकमेकांच्या कविता ऐकत राहिलीं. आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच वातावरणांतून प्रा. गंगाधर पानतावणे यांचें अस्मितादर्श निघालें. मराठी साहित्याची दिशा बदलणारें एक नियतकालिक कोणत्याहि अभ्यासक्रमाच्या कोणत्याहि घटकांत नमूद नव्हतें. आवाज बंद ठेवलेल्या शेंकडों माणसांच्या तासांतून असें कांहीं निघेल, अशी आशा त्या कंपन्यांचे भागीदारहि करीत नसतील.

आणि विद्येच्या संस्थेंत द्रव्यार्जनाचा प्रश्न आमच्या लोकांस नवा आहे असेंहि नाहीं. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत १८९० सालीं फूट पडून टिळक बाहेर पडले. त्या वादाचीं कारणें अनेक होतीं. पण एक मुख्य कारण हें होतें कीं, आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर संतुष्ट राहून बाहेरील कमाई संस्थेस द्यावी कीं स्वतःकडे ठेवावी. आगरकर-गोखल्यांची बाजू अगदींच लटकी होती असें आम्हांस वाटत नाहीं. माणसास संसार असतो. परंतु वाद कशाविषयीं होता पाहा. महिना पाऊणशें रुपये घेणाऱ्या माणसानें लेखनाचे वरचे चार रुपये घ्यावे कीं नाहीं, याविषयीं! त्याच महाराष्ट्रांत आज फीचा मोठा हिस्सा कंपनीनें न्यावा कीं नाहीं याविषयीं एखाद्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेंत एक तास तरी वाद झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

शेवटीं भुर्दंड कोणास बसतो तेंहि पाहिलें पाहिजे. छत्तीसगड राज्यानें २००२ सालीं एक कायदा करून शंभरांहून अधिक खासगी विद्यापीठांस जन्म दिला. त्यांपैकीं कित्येकांचा संसार एकदोन खोल्यांत होता. प्रा. यशपाल यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या विद्यापीठांचा आधारच काढून घेतला. ३ नोव्हेंबर २०१७ चा निर्णय याहून शिकविणारा आहे. चार अभिमत विद्यापीठांनीं योग्य परवानगीवांचून पत्रद्वारा इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व त्यांस नव्यानें परीक्षा देण्याची पाळी आली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. यांत दहाबारा वर्षें नोकरी केलेले, त्या पदवीवर बढती मिळविलेले लोक होते. अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश न्यायालयानें दिला हें खरें, पण चाळिशींत पुन्हा गणिताचा पेपर सोडविण्यास बसला तो विद्यार्थीच.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाहीं. ऑनलाइन पदवी देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठानें कंपनीशीं केलेला करार छापावा, आणि फीच्या शंभर रुपयांतले किती शिकविण्याकडे व किती विद्यार्थी जमविण्याकडे जातात हें जाहिरातींतच सांगावें. प्रत्येक विषयास पूर्णवेळ अध्यापक किती, त्यांचीं नांवें काय आणि एकाकडे विद्यार्थी किती, हें प्रवेशापूर्वीं कळावें. प्रवेशामागें दलाली देणें बंद व्हावें. कर्जरोखा मराठींत असावा, आणि शिक्षण सुटल्यास उरलेल्या हप्त्यांची जबाबदारी शिकविणाऱ्या कंपनीवर पडावी. ही एक अट घातली तर मुलगा तीन महिन्यांनीं कां दिसत नाहीं याची चौकशी त्या कंपन्या आपण होऊन करूं लागतील. आणि विधिमंडळांतील आमच्या आठ जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनीं रिकाम्या जागांचा प्रश्न विचारतांना याच श्वासांत हाहि प्रश्न विचारावा.

जानेवारी आणि जुलै हे या प्रवेशांचे दोन हंगाम. आयोगाचें दूरशिक्षण मंडळ प्रत्येक सत्रासाठीं मान्यताप्राप्त विद्यापीठांची व अभ्यासक्रमांची यादी प्रसिद्ध करतें. मागच्या सत्रांत असलेलें नांव या सत्रांत असेलच असें नाहीं. इंजिनिअरिंग, वैद्यक, कायदा, औषधनिर्माण, परिचर्या यांच्या पदव्या ऑनलाइन देतांच येत नाहींत, टेलिफोनवरील आवाज कितीहि गोड असो. ज्या पालकांस ही यादी स्वतः पाहतां येत नसेल, त्यांनीं जवळच्या कोणत्याहि महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे जावें. रोख्यावर सही करण्यापूर्वीं जावें, आणि रोखा बरोबर न्यावा.